भा. रा. भागवतांचा वाढदिवस वाडीतल्या मुलांसोबत कसा करावा? सल्ला हवा

साखळीकर्न: नमस्कार मंडळी. ३१ मे हा ‘फास्टर फेणे’ लिहिणाऱ्या भा. रा. भागवतांचा जन्मदिवस (१९१०, इंदूर). आमच्या वाडीतली पोरं सुट्टीत देवळाच्या मंडपात पडीक असतात, त्यांच्यासाठी काहीतरी करायचं मनात आहे. घरात कोंकणी, चौथीपर्यंत मराठी शाळा, पाचवीपासून इंग्रजी. मोठी मुलं मराठी पुस्तक दिसलं की पळतात. फास्टर फेणेचं कुठलं घ्यावं? फोटोला हार, एखाद्या पाहुण्याचं भाषण ठेवावं का?

फोंड्याची_बाय: हार-भाषण मुळीच नको गो! पाहुणे पाऊण तास ‘आजची पिढी वाचत नाही’ सांगणार नि पोरं पंखा बघत बसणार. सरळ मोठ्यानं वाचून दाखव. कादंबरी नको, छोटी गोष्ट घे. फुरसुंगीचा बनेश फेणे, पुण्याला विद्याभवनात शिकतो, अंगानं काडी, सायकलवर सुसाट, एवढी ओळख पुरे. त्याचं ते ‘ट्टॉक्’ आलं की थांबायचं आणि सगळ्यांना जीभ टाळ्याला लावून तो आवाज काढायला सांगायचं. त्या गलक्यात लाजरीबुजरी मुलंही सामील होतात. मग बन्या पुरता अडकला की पुस्तक मिट. ‘पुढचं उद्या!’ ओरडतील, बधू नकोस. पुस्तक तिथंच कट्ट्यावर ठेवून चहाला जा, कोणी ना कोणी उचलतंच. शब्द अडला तर खुशाल कोंकणीत सांग.

पाटो_वाचक: पुस्तकं विकत घ्यायच्या आधी पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात चक्कर मारा. १८३२ पासूनची परंपरा आहे, मुलांचा विभाग वेगळा आहे.

मडगांवकार: २०१७ चा ‘फास्टर फेणे’ सिनेमा दाखवून सुरुवात केली तर? त्यातला अमेय वाघ मुलांना माहीत असतो.

फोंड्याची_बाय: नको रे बाबा. त्यातला बन्या मोठा झालेला आहे. पोरांना आपल्या वयाचा भेटू दे. सिनेमा पाऊस लागल्यावर बघता येईल.

मडगांवकार: बरं, मागे घेतो. पण इंग्रजी शाळेतल्या मोठ्यांसाठी भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न जरूर ठेवा. नाव त्यांच्या कानावरून गेलेलं असतं, मग मराठी आहे म्हणून नाक मुरडत नाहीत. आणि आधीच पुस्तकात डोकं घालून बसणारं एखादं पोर असेल तर त्याच्या हाती ‘बिपीन बुकलवार’ द्या. तोही भागवतांचाच, पुस्तकवेडा.

साखळीकर्न: देव बरें करूं सगळ्यांना! हार रद्द. दुपारी मंडपात भयंकर उकडतं, म्हणून संध्याकाळी पाचला बसू. वाचायला माझा भाचा तयार आहे, आवाज खणखणीत आहे त्याचा. शनिवारी पाटोला जाते. डिचोलीहून कोणी त्या बाजूला जाणार असेल तर कळवा, सोबत जाऊ. पिशवी जड होणार.