इसेन्सची परीक्षा घेतं कोण?

शंकासुर: अमेरिकेत १९५८च्या कायद्याने 'सर्वमान्य सुरक्षित' पदार्थांना सरकारी पूर्वपरवानगीतून सूट दिली. स्वादद्रव्यांपुरती ही यादी १९६०पासून कोण ठरवतं? इसेन्स बनवणाऱ्यांच्याच 'फेमा' संघटनेने नेमलेलं तज्ज्ञमंडळ! परीक्षार्थ्यानेच परीक्षक नेमायचा? २०१८मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाने, कॅन्सरच्या कारणावरून सहा कृत्रिम स्वादद्रव्यं बाद केली, तीसुद्धा ग्राहक आणि पर्यावरण संघटनांनी अर्ज केल्यावर.

गंधकाम्ल: अर्धीच गोष्ट सांगितलीत. माणसं खातात तेवढ्याने धोका नाही, असं एफडीएने तेव्हाच स्पष्ट केलं होतं. पण त्याच १९५८च्या कायद्यातल्या डिलेनी कलमात प्रमाणाला जागाच नाही. प्राण्यांत कॅन्सर दिसला की संपलं. त्या सहांतलं मिथाइल युजेनॉल जायफळातही असतं. श्रीखंड सोडणार का?

शंकासुर: श्रीखंड कशाला सोडू? चिमूटभर जायफळ सणासुदीला पोटात जातं, बिस्किटं रोज. आणि मिथाइल युजेनॉल वेगळं काढून स्वादासाठी घालायला आपल्याकडेही बंदी आहे, कुमारिन नि सॅफ्रोल या स्वादद्रव्यांच्या जोडीने.

भट्टीवाली: तुम्ही दोघं खाणाऱ्यांचंच बोलताय. लोण्याचा वास देणारं डायअ‍ॅसिटिल त्या 'सुरक्षित' यादीत होतंच. २००० साली मिसुरीतल्या जास्परच्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या आठ माजी कामगारांचा आजार उजेडात आला. वाफ श्वासात जाऊन फुफ्फुसातल्या बारीक नळ्या कायमच्या बाद. शिक्का खाण्यापुरता होता, हुंगत काम करणाऱ्यांना ते कोण सांगणार?

गंधकाम्ल: डायअ‍ॅसिटिलचं मान्य, पण तो कामगार सुरक्षेचा प्रश्न, त्यासाठी कायदे वेगळे आहेत. खाण्यापुरती पद्धत कडक आहे: रेणूच्या रचनेवरून तीन वर्ग, सगळ्यात संशयास्पद वर्गाला माणशी रोज फक्त ९० मायक्रोग्रॅम. त्यावर गेलात तर जास्त पुरावा द्या.

शंकासुर: आणि रोज किती खातो हे कसं काढतात? वर्षभरात खपलेला माल भागिले लोकसंख्येचा दहावा हिस्सा, भागिले ३६५ दिवस! रोज एकच स्वादाचं सरबत पिणारं पोर या सरासरीत कुठे दिसतं?

गंधकाम्ल: तो आक्षेप रास्त आहे. म्हणूनच जेक्फा, म्हणजे एफएओ-डब्ल्यूएचओच्या समितीने, एका वाढणीत किती जातं ते मोजायची पद्धत नंतर जोडली. दोन्हींतला मोठा आकडा धरतात.

भट्टीवाली: समितीने धरला. फेमाच्या यादीतल्या जुन्या नावांना तो लावून पाहिलाय का, तेवढं सांगा.