मुलगा मुलांजवळ जातो पण खेळात येत नाही, डोळ्यात बघायला लावावं का? (ऑटिझम)

मुलगा पाच वर्षांचा आहे, ऑटिझम आहे, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणून) दोन्ही चालू. तो मुलांना टाळत नाही हो, उलट पकडापकडी चालू असली की कडेकडेने त्यांच्याबरोबर पळतो, खुदुखुदु हसतो, पण कोणी "ये, तुझ्यावर राज्य" म्हटलं की कान झाकून लांब. नाव विचारलं तर "तुझं नाव काय" हेच त्याच सुरात परत म्हणतो, मुलांना वाटतं चिडवतोय. एखादं पोर आवडलं की त्याच्यासमोर उभा राहून कार्टूनमधलं "चला, इंजिन सुरू" म्हणतो आणि वाट बघत बसतो. मला कळतं हे खेळायचं बोलावणं आहे, त्या पोराला कसं कळणार?

आता नवीन थेरपिस्ट ताई म्हणतात, डोळ्यात बघितल्याशिवाय हातात काही द्यायचं नाही. तसं केलं की बघतो, पण बोलणं बंद! तेच मान खाली घालून गाड्यांची रांग लावत असताना विचारलं की बरोब्बर उत्तर येतं. मग हा आग्रह धरायचा का? "मोठा झाला की सुटेल" प्लीज नको, घरी रोज ऐकते.

प्रतिसाद १:
माझ्या मते अजिबात धरू नका. वयाने मोठ्या असलेल्या बऱ्याच ऑटिस्टिक लोकांनी सांगितलंय की डोळ्यात बघणं आणि ऐकणं एकदम जमत नाही, काहींना तर त्रास होतो. त्यापेक्षा तो एखादी गोष्ट दाखवायला आणतो का, तुम्ही बोट दाखवलं तिकडे बघतो का, ते बघा, जॉइंट अटेंशन म्हणतात ते. प्रश्न परत म्हणणं म्हणजे इकोलालिया, त्यात चिडवणं नसतं. डॅमियन मिल्टन (ब्रिटिश संशोधक, स्वतः ऑटिस्टिक) यांनी २०१२ मध्ये डबल एम्पथी मांडलं, की न कळणं दोन्हीकडून असतं, एकट्या मुलाची कमी नाही. आम्ही तर सरळ समोरच्या मुलाला सांगतो, तो इंजिन म्हणाला की तूही म्हण आणि पळ. घोळक्याऐवजी एकच मूल आणि ठरलेला खेळ ठेवा, पकडापकडीत कोण कधी अंगावर येईल नेम नसतो.

प्रतिसाद २ (धागाकर्ती):
दोघांनाही थँक्स, म्हणजे तुम्हाला आणि मिल्टनना :) पण ताईंना कसं सांगू? वाईट वाटेल त्यांना.

प्रतिसाद ३:
गाड्या लावताना उत्तर देतो त्याचा व्हिडिओ दाखवा की. आणि विचारा, तुम्हाला त्याचं बघणं हवंय का बोलणं?