‘समाधान मिळणे’ आणि ‘समाधान मानणे’

अर्धविराम: एका कथेच्या अनुवादात अडले आहे. कथेतील निवृत्त गृहस्थ पहाटे उठतात, अंथरुणाची घडी घालतात, कुंड्यांना पाणी देतात, घड्याळाला किल्ली देतात आणि एवढ्यात त्यांचा दिवस भरून पावतो. मी लिहिले होते, ‘या लहानसहान कामांत त्यांना समाधान मिळे.’ संपादकांनी ते ‘या लहानसहान कामांत ते समाधान मानीत’ असे केले आणि माझा गृहस्थ एकाएकी बिचारा झाला. जणू त्याला हवे होते ते मिळाले नाही, म्हणून त्याने कुंड्यांवर भागवले. हा फरक भाषेत आहे की केवळ माझ्या कानात?

कानामात्रा: भाषेतच आहे. मानलेला भाऊ सख्खा नसतो. ‘दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले’ असे आपण क्रीडावृत्तात वाचतो, पण पहिल्या आलेल्याविषयी तसे कोणी लिहीत नाही.

जुनीवही: मला हे पटत नाही. माझी आई ‘आहे त्यात समाधान मानावे’ असे म्हणे, तेव्हा तिच्या बोलण्यात हार नसे. मन तिकडे वळवावे लागते, एवढेच ती सांगत असे. तुकोबांचे ‘ठेविले अनंते तैसेचि राहावे’ यापेक्षा वेगळे काय सांगते?

कानामात्रा: त्याच अभंगाचा पुढचा चरण पाहा: ‘चित्ती असो द्यावे समाधान’. तेथे मिळणेही नाही आणि मानणेही नाही. समाधान बाहेरून आणायचे नाही, ओढूनताणून मानायचेही नाही. ते चित्तात असू द्यायचे. किल्ली देणाऱ्या गृहस्थांना हे क्रियापद शोभेल, फक्त गद्यात ते बसवणे कठीण आहे.

तत्सम: आपण सारे क्रियापदावर भांडत आहात, परंतु मुळात नामच चुकले आहे. सम्, आ आणि धा यांपासून झालेल्या ‘समाधान’ शब्दाचा संस्कृतातील अर्थ नीट ठेवणे, चित्त एकाग्र करणे, आक्षेपाचे निरसन करणे असा आहे. वेदान्तातील शमदमादी षट्कातही, म्हणजे साधकाच्या अंगी असाव्यात अशा सहा गुणांतही, तो एकाग्रतेसाठीच येतो. येथे ‘संतोष’ हवा, जो योगसूत्रांतील पाच नियमांपैकी एक आहे.

जुनीवही: मराठीत संतुष्ट झालेला माणूस बहुधा वर देतो. कुंडीला पाणी घालून कोणी संतोष पावत नाही. शब्दाचा अर्थ व्युत्पत्तीने नव्हे, वापराने ठरतो.

तत्सम: मग ‘समस्येचे समाधान’ ही हिंदी वळणाची रचनाही वापरात आहे म्हणून स्वीकारणार का?

जुनीवही: नाही, मला ती खटकते. मात्र गंमत अशी की ‘आक्षेपाचे निरसन’ या आपण सांगितलेल्या अर्थाला तीच अधिक जवळ आहे.

अनुस्वार: मी वेगळे सुचवतो. ‘त्यांच्या दिवसाची घडी बसली होती’ असे लिहावे. घडी म्हणजे घटिका, चोवीस मिनिटांची. दिवसरात्रीच्या साठही घटिका जागच्या जागी बसल्या, असा या वाक्प्रचाराचा मूळ अर्थ असावा.

कानामात्रा: वाक्प्रचार सुरेख आहे, पण ही घडी कापडाची आहे. वेळेची घडी येते आणि जाते, ती विस्कटत नाही; ‘दिवसाची घडी विस्कटली’ असे मात्र आपण सहज म्हणतो. शिवाय कापड रोज त्याच रेषेवर दुमडले की पुढे हात न लावताही ते त्या रेषेवर वळते, आणि नित्यक्रमातले सुख नेमके तेथेच आहे. गृहस्थ पहाटे अंथरुणाची घडी घालतातच. अनुवादकाला यापेक्षा जास्त काय हवे?

अर्धविराम: सुचवणी मोहक आहे, परंतु मूळ कथेत असा श्लेष नाही, आणि तो मी घातला तर संपादक पुन्हा लेखणी उचलतील. तूर्त ‘समाधान वाटे’ असे लिहून पाठवू का?

जुनीवही: ‘वाटे’ चालेल, मात्र वाटण्यात थोडी शंका उरते, हे ध्यानात असू द्या.

अनुस्वार: घडीविषयी माझे अजून पटलेले नाही. ‘घडीचा भरवसा नाही’ यातील घडी तरी कापडाची नाही ना?