मदत हवी आहे: रडारवरून वाशिष्ठी खोऱ्याचा पावसाचा नकाशा

नमस्कार मंडळी. जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची जी दैना झाली, तेव्हापासून मनात आहे की वाशिष्ठी खोऱ्यात कुठे किती पाऊस पडतो, याचा तासागणिक नकाशा असायलाच हवा. मुंबईच्या रडारची माहिती घेऊन बसलोय, पण घाटाखाली पाऊस फारच कमी दिसतो. इथे पन्हळीतून धो धो पाणी आणि नकाशावर फिकट निळा ठिपका!

कारण कळतंय. रडार कुलाब्याला, तिथून चिपळूण सरळ रेषेत सुमारे १७० किमी. क्षितिजापासून अर्ध्या अंशावर सोडलेला रडारचा झोत इथवर येईतो तीन किमी उंच गेलेला असतो. कुंभार्ली घाटाला अडणाऱ्या बुटक्या ढगांचा बराच पाऊस या झोताच्या खालीच तयार होतो.

रडारच्या प्रतिध्वनीवरून (Z) पावसाचा वेग (R) काढायचं सूत्र मार्शल-पामरचंच आहे (Z = a × R^b, त्यात a आणि b म्हणजे २०० आणि १.६). आपल्याकडच्या पावसाला २५० आणि १.२ बरं पडेल असं वाटतं, पण जिथे झोतच ढगावरून जातो तिथे सूत्र बदलून काय होणार?

महसूल मंडळनिहाय पर्जन्यमापकांशी रडारचे आकडे जुळवताना खलाटी (किनाऱ्याकडचा सखल भाग) आणि घाटपायथा यांना वेगळे गुणक लावावेत का? की गोव्याच्या रडारची माहिती जोडून बघू? कोणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.