बाबांना लकवा: बीपी १८० असताना बीपीचीच गोळी बंद? मदत हवी आहे

बाबा, वय ६८. काल सकाळी साडेसहाला उठले ते जीभ जड, आणि उजव्या हातातून कप निसटला. रात्री साडेदहाला झोपले तेव्हा ठणठणीत होते. कराडला पोचेपर्यंत नऊ वाजले. सीटीत रक्तस्राव नाही, गुठळीचा झटका आहे, पण सौम्य, झटक्याच्या तीव्रतेचा स्कोअर ३, असं डॉक्टर म्हणाले. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोर्वास्टॅटिन चालू आहे.

शेजारच्या काकांना गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालं होतं, चौथ्या दिवशी चालत घरी आले. आम्हीही अडीच तासांत पोचलो, मग बाबांना का नाही? शिवाय बीपी १८०/१०० आणि बीपीची रोजची गोळी अ‍ॅम्लोडिपिन थांबवलीय! आई पिशवीतली गोळी गुपचूप द्यायला निघाली होती, कशीबशी अडवली.

प्रतिसाद (निवृत्त फिजिशियन):
ताई, अडवलीत ते फार बरं केलंत. गुठळीने रक्त अडलं की आजूबाजूचा मेंदू बाजूच्या बारीक वाहिन्यांवर तग धरतो, आणि त्यांना दाब लागतो. म्हणून इंजेक्शन दिलं नसेल तर पहिले एक-दोन दिवस २२०/१२० पर्यंतचं बीपी सहसा उतरवत नाहीत. इंजेक्शन द्यायचं असतं तर उलट, आधी १८५/११० च्या खाली आणावं लागलं असतं.

वेळेचं म्हणाल, तर घड्याळ जाग आली तेव्हापासून नाही, शेवटचं धडधाकट पाहिलं तेव्हापासून लावतात. म्हणजे तुमचे साडेदहा तास झाले, मर्यादा साडेचारची. झोपेतल्या झटक्यात एमआरआयवरून कधीकधी वाट निघते, पण रोजचं काम अडत नसेल इतक्या सौम्य झटक्यात इंजेक्शनमुळे मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका पत्करत नाहीत.

अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन्ही रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या अशा झटक्यात बहुधा २१ दिवस, मग एकच. कोणती, ते डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. दोन्ही वर्षभर घेत राहिलेले पेशंट मी पाहिलेत. ईसीजीत ठोके अनियमित आहेत का विचारा, तसं असेल तर औषधच वेगळं लागतं. आणि झटक्यात गिळणंही बिघडू शकतं, त्याची तपासणी झाली का?

धागाकर्ती:
नाही झाली बहुतेक. आज सकाळी चहा पाजताना बाबांना जोराचा ठसका लागला, आम्ही पाठ चोळली नि सोडून दिलं. सिस्टरना सांगून येते.