मदत हवी आहे: वरच्या बाजूच्या बोअरमधे गडबड, लीचेट (कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी) की कचऱ्याचा गॅस?
नमस्कार मंडळी, जुन्या बंद झालेल्या कचरा डेपोचं मॉनिटरिंग सध्या माझ्याकडे आलंय, चार बोअर भूजलासाठी आणि कडेने काही गॅस प्रोब (जमिनीतला गॅस मोजायच्या नळ्या). खालच्या बाजूच्या बोअरमधे क्लोराइड, अमोनिया, कंडक्टिव्हिटी सगळं वाढलेलं, ते समजू शकतं, लीचेट तिकडेच झिरपणार. पण पाणी जिकडून येतं त्या वरच्या बाजूच्या बोअरमधे अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवायची क्षमता) वाढलीये, पीएच उतरलाय, थोडे व्हीओसी (सहज उडून जाणारी सेंद्रिय रसायनं) पण सापडले आणि क्लोराइड मात्र होतं तिथेच. मला वाटतंय हे लीचेट नसून गॅसचं काम असावं, कारण गॅस काही पाण्याचा उतार बघून जात नाही, कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळला की असंच होतं ना? साहेब म्हणतात लॅबची चूक.

दुसरं म्हणजे त्याच बाजूच्या प्रोबमधे मिथेन एकदा ०.५ टक्के आणि पुढच्या वेळी थेट ६ टक्के आला, म्हणजे स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (५ टक्के) वर! त्या दिवशी हवेचा दाब उतरत होता, पावसाने माती पण वरून बंद झालेली. मग रीडिंग मुद्दाम दाब उतरताना घ्यायचं का? आणि बोअरचं झाकण उघडल्या उघडल्या, पाणी उपसायच्या आधी, आतला गॅस मीटरने कुणी मोजता का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा प्लीज, पुढचं सॅम्पलिंग जवळ आलंय.