हाताने बदललेली कॉन्फिग फाईल पॅनेलने न विचारता पुसली, तर चूक कोणाची?

रात्रपाळी
गेल्या आठवड्यात आमच्या सर्व्हरवरचं ॲडमिन पॅनेल (सर्व्हर सांभाळायचं सॉफ्टवेअर) अपडेट झालं आणि त्याने एन्जिनएक्स या वेब सर्व्हरची आमच्या साईटची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची, फाईल नव्याने लिहून काढली. माझे दोन नियम गेले. एक अपलोडची मर्यादा ६४ एमबी करणारा. तो गेल्यावर मर्यादा मूळच्या १ एमबीवर आली, लोकांना ४१३ ('फाईल फार मोठी') हा एरर दिसू लागला आणि अर्ध्या तासात फोन सुरू झाले. दुसरा नियम बॅकअपच्या फोल्डरला बाहेरून बंदी घालणारा होता. त्याबद्दल एकही तक्रार आली नाही. येणार कशी? बंद दार उघडं राहिलं तर कोणाचं काम अडत नाही. पाच दिवस तो फोल्डर उघडा होता.

कॉन्फिग तपासणारी 'एन्जिनएक्स -टी' ही कमांड चालवली तर सगळं ठीक, कारण नवी फाईल व्याकरणाने शुद्ध होती. जुनी प्रत कुठेच ठेवलेली नव्हती. माझ्या मते हा सरळसरळ पॅनेलचा दोष आहे. दुसऱ्याचं लिखाण पुसायचं तर आधी त्याची प्रत ठेवावी, एवढी साधी अपेक्षा आहे.

साचेकार
नाही पटत. त्या फाईलच्या वरच्या ओळी वाचल्या होत्या का? 'ही फाईल आपोआप तयार होते, इथे बदल करू नका' असं बहुतेक पॅनेल स्पष्ट लिहितात. ती फाईल तुमची नाहीच, ती टेम्प्लेटमधून, म्हणजे पॅनेलच्या ठरलेल्या साच्यातून, निघालेली छापील प्रत आहे. डोमेन जोडलं, पीएचपी या भाषेची आवृत्ती बदलली, साईटचं सुरक्षा सर्टिफिकेट नवं आलं की ती परत छापली जाणार. तुमचे नियम इन्क्लूडच्या, म्हणजे मुख्य फाईल जी सोबत वाचते अशा, वेगळ्या फाईलमध्ये हवे होते.

रात्रपाळी
सूचना होती, मान्य. पण डेबियन लिनक्सवर सॉफ्टवेअरची पॅकेजं बसवणारं डीपीकेजी बघा. तुम्ही बदललेली कॉन्फिग फाईल पॅकेजच्या नव्या आवृत्तीतही बदलली असेल, तर ते थांबून विचारतं, आणि नुसतं एंटर दाबलं तर तुमचीच फाईल राहते. आरपीएम हे तसंच दुसरं साधन नवी फाईल '.आरपीएमन्यू' नावाने शेजारी ठेवतं किंवा तुमची '.आरपीएमसेव्ह' करून जपतं. वर्डप्रेससुद्धा एचटीॲक्सेस या सेटिंगच्या फाईलमध्ये आपल्या 'बिगिन' आणि 'एंड' खुणांच्या आतच लिहितं. दुसऱ्याच्या ओळींना हात न लावता काम होतं, हे इतरांनी दाखवलंय.

साचेकार
डीपीकेजीसमोर सहसा माणूस बसलेला असतो. पॅनेलचं काम रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) चालतं, तिथे विचारणार कोणाला? आणि उत्तर मिळेपर्यंत थांबलं, तर नवं सर्टिफिकेट लागणार नाही. लेट्स एन्क्रिप्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं नेहमीचं सर्टिफिकेट ९० दिवसांचं. ते संपलं की साईट उघडताना प्रत्येकाला धोक्याचा इशारा. शेकडो डोमेन असलेल्या सर्व्हरवर हे परवडेल?

रात्रपाळी
थांबा असं मी म्हणतच नाही. मागच्या वेळी स्वतः लिहिलेल्या फाईलचा चेकसम (मजकुरावरून काढलेली खूणसंख्या) ठेवा. आता जुळला नाही, तर कोणीतरी हात लावलाय हे कळतं. मग जुनी फाईल तारखेसकट बाजूला ठेवा, नवी लिहा आणि फरक ईमेलने पाठवा. यात कुठलंच सर्टिफिकेट अडत नाही.

पपेटवाला
आम्ही तर मुद्दाम पुसतो. पपेट एजंट (सर्व्हरची सेटिंग ठरल्याप्रमाणे ठेवणारा प्रोग्रॅम) डीफॉल्टने दर ३० मिनिटांनी येतो आणि कोणी हाताने केलेला बदल मागे घेतो. त्यामुळेच आमचे सगळे सर्व्हर एकसारखे राहतात. पण आमच्याकडे खरा मजकूर गिटमध्ये (फाईलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपणारं साधन) आहे आणि काय बदललं ते लॉगमध्ये येतं. रात्रपाळींचे नियम फक्त त्या एका फाईलमध्ये होते, त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. पुसण्यापेक्षा हे मला जास्त गंभीर वाटतं, आणि त्याची जबाबदारी पॅनेलवर टाकता येणार नाही.

रात्रपाळी
हे मात्र बरोबर आहे. काल कॉन्फिगचा पूर्ण फोल्डर गिटमध्ये घातला, दोन्ही नियम इन्क्लूडमध्ये हलवले.

जागता पहारा
इन्क्लूडवरही निर्धास्त राहू नका. ती फाईल वाचायला सांगणारी ओळ पॅनेलच्याच फाईलमध्ये असते. आमच्याकडे टेम्प्लेट बदललं तेव्हा नेमकी तीच ओळ गळाली. इन्क्लूडची फाईल जागच्या जागी, गिटमध्येही फरक शून्य, आणि नियम मात्र लागू नाही. तेव्हापासून फाईल बघणं सोडलं. दर दहा मिनिटांनी बाहेरच्या एका मशीनवरून कर्ल या कमांडने बंद ठेवायच्या फोल्डरचा पत्ता मागतो. ४०३ ('परवानगी नाही') सोडून दुसरं काहीही आलं, की फोन वाजतो.